किटमधल्या सरळ पट्ट्यांचं गोल जहाज कसं होतं

लाकडी जहाजाचा किट आणून अर्धवट सोडलेली जी मॉडेलं मी पाहिली, ती जवळपास सगळी एकाच जागी अडलेली होती. सांगाडा उभा झालेला, वरच्या चार-पाच पट्ट्या छान बसलेल्या आणि पुढे नाकाशी पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या. तिथे माणूस थकतो आणि डबा माळ्यावर जातो. दोष त्याच्या हाताचा नसतो. किटसोबत येणाऱ्या पुस्तिकेत या टप्प्याला बहुतेक वेळा एखादं चित्र असतं आणि खाली एवढंच लिहिलेलं असतं, की आता फळ्या लावा. त्या एका ओळीत काय काय दडलंय, ते नीट उलगडून सांगावं म्हणून हे लिहितोय.

मी लातूरचा. समुद्र इथून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. पण जहाज बांधायला समुद्र लागत नाही, लाकडाचा स्वभाव कळावा लागतो. तो आपल्याकडच्या कोरड्या हवेत फार लवकर कळतो, कधी कधी नुकसान सोसून. त्यावर पुढे येतोच.

आधी डब्यात काय असतं ते बघू. प्लायवुडचे दोन-तीन पत्रे, त्यांत लेसरने कापलेले भाग. पट्ट्यांच्या दोन जुड्या: एक फिकट मऊ लाकडाची, साधारण दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद; दुसरी अक्रोडासारख्या गडद लाकडाची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. काही गोल काठ्या, दोऱ्याची रिळं, पितळेचं बारीक सामान, मुगाच्या दाण्याएवढ्या लाकडी कप्प्या आणि घडी घातलेला मोठा नकाशा. किट म्हटल्यावर वाटतं, भाग सुटे असतील, ते जोडले की झालं. प्लास्टिकच्या विमानात तसं असतं. इथे जहाजाच्या आकारापैकी फक्त कणा आणि फासळ्या तयार मिळतात. बाकीचा आकार त्या सरळसोट पट्ट्यांतून आपल्याला काढायचा असतो.

कणा म्हणजे प्लायवुडची लांब उभी फळी. तिच्यात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक आडवी फासळी बसते. गोंद लावायच्या आधी सगळं कोरडंच बसवून बघा. कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. कणा दोऱ्यापासून एक मिलिमीटर जरी बाजूला गेला असेल, तर ओल्या फडक्याने पुसून, दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून, वर वजन ठेवून दोन दिवस सोडून द्या. वाकड्या कण्यावर सरळ जहाज होत नाही आणि ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक फासळी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून बघायचं. लेसरने कापलेल्या कडा काळ्या, जळक्या असतात. त्या जळक्या थराला गोंद नीट धरत नाही, म्हणून जिथे जोड येणार तिथली काजळी पॉलिश पेपरने घासून काढायची.

यानंतरच्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. फासळीची कड कापताना काटकोनात कापलेली असते. पण जहाजाच्या पुढच्या भागात, ज्याला नाळ म्हणतात, पट्टी फासळीवरून तिरकी जाते. त्यामुळे कडेचा फक्त एक कोपरा पट्टीला टेकतो आणि बाकी मधे हवा राहते. त्या कोपऱ्यावर गोंद धरणार तरी किती? म्हणून फासळ्यांच्या कडा तिरप्या घासायच्या, पुढच्या जास्त, मधल्या जवळपास नाहीच, मागच्या पुन्हा जास्त आणि उलट्या दिशेने. किती घासायचं हे आकड्यात सांगता येत नाही. एक पट्टी हातात घ्या, चार-पाच फासळ्यांवरून वाकवून धरा आणि उजेडासमोर बघा. पट्टी आणि फासळी यांच्यामधून उजेड दिसत असेल, तर घासणं बाकी आहे. नाळेजवळच्या पहिल्या दोन फासळ्यांच्या पोकळीत मऊ लाकडाचे ठोकळे चिकटवून त्यांनाही त्याच गोलाईत घासून घ्या. किटमध्ये सांगितलेलं नसलं तरी हे करा. पट्टीला सगळ्यात जास्त वळण तिथेच घ्यायचं असतं आणि तिथे टेकायला पुरेशी जागा लागते.

आता मुख्य मुद्दा. उन्हाळ्यात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागतात. त्यातलं पट्ट्यापट्ट्यांचं एखादं कलिंगड उचलून नीट बघा. देठापाशी निघालेले गडद पट्टे पोटाशी रुंद होतात आणि दुसऱ्या टोकाशी परत निमुळते होतात. देठापाशी जितके पट्टे, पोटावरही तितकेच. घेर कमी-जास्त झाला तसा प्रत्येक पट्टा अरुंद-रुंद झाला, एवढंच. आता समजा, सगळीकडे एकाच रुंदीच्या कागदी पट्ट्या त्या कलिंगडावर चिकटवायच्या आहेत. पोटाशी त्या शेजारी शेजारी छान बसतील, देठाकडे एकमेकींवर चढतील. अर्धवट जहाजाच्या नाकाशी नेमकं हेच झालेलं असतं.

याचं गणित सोपं आहे. जहाजाच्या मधल्या फासळीवर, वरच्या काठापासून खाली कण्यापर्यंत कागदाची बारीक पट्टी गुंडाळा, खूण करा आणि मोजा. समजा १२० मिलिमीटर भरलं. पट्टी ५ मिलिमीटरची, म्हणजे एका बाजूला २४ पट्ट्या लागतील. आता तेच माप नाळेजवळच्या फासळीवर घ्या. तिथे समजा ७८ भरलं. पट्ट्या तर २४च राहणार. ७८ भागिले २४, म्हणजे सव्वातीन. प्रत्येक पट्टी मधे ५ मिलिमीटर आणि पुढच्या टोकाला सव्वातीन मिलिमीटर रुंद हवी. मधल्या प्रत्येक फासळीसाठी हाच भागाकार करायचा, उत्तर फासळीच्या कडेवर पेन्सिलने नोंदवायचं. एका संध्याकाळचं काम आहे. पण ते केलं, की पुढचे दोन महिने अंदाजाने करावं लागत नाही.

भागाकार पट्टीच्या निम्म्यापेक्षा कमी आला, समजा दोन मिलिमीटर आला, तर पट्टी तिथपर्यंत नेऊ नका. इतकं अरुंद टोक फाटतं, पिन टोचली की चिरतं. खऱ्या जहाजातही ते टाळत. अशा जागी दोन पट्ट्या अलीकडेच थांबवून त्यांच्या पुढे एकच रुंद पट्टी न्यायची. मागच्या बाजूला बऱ्याचदा उलटं होतं: घेर वाढतो, भागाकार साडेपाच येतो आणि पट्टी तर पाचचीच. तिथे पट्टी ओढून ताणून बसवू नका. ती तिच्या मनाने जिथे जाते तिथे जाऊ द्या आणि मधे राहिलेल्या लांबट त्रिकोणी फटीत पाचर बसवा. पाचर बसवली म्हणजे काम कच्चं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जहाजबांधणीतली ती जुनी, रीतसर पद्धत आहे. पाण्याखालच्या भागात तर ती दिसतही नाही.

पट्टी निमुळती करताना डावी आणि उजवी अशा दोन्ही पट्ट्या एकत्र धरा, शिकंज्यात दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये पकडा आणि छोट्या रंध्याने वर आलेला भाग काढा. दोन्ही हुबेहूब सारख्या होतात. लावतानाही एक डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एका बाजूला सलग सहा पट्ट्या लावल्या, तर त्या वाळताना कण्याला आपल्याकडे खेचतात आणि आख्खा सांगाडा पिळवटतो. इतक्या बारीक काड्यांना एवढा जोर असेल असं वाटत नाही, पण असतो.

वळवण्याबद्दल. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ ओलाव्याने आणि उष्णतेने मऊ होतो, थंड झाला की पुन्हा कडक. म्हणून पट्टी गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायची, मग गरम इस्त्रीच्या कडेवर किंवा सोल्डरिंग आयर्नवर हळूहळू वाकवायची. पट्टी सपाट बाजूने छान वाकते. कडेच्या दिशेने वाकवायला गेलात, तर ती ऐकत नाही, उलटी पिळवटते. निमुळती केलेली पट्टी कडेने फारशी वाकवावी लागतच नाही. वरचं गणित करायचं ते यासाठी.

आणि आता ती चूक, जी मी केली. पहिल्या जहाजाच्या पट्ट्या मी श्रावणात लावल्या. भिजवल्या, वाकवल्या आणि ओल्या असतानाच फेविकॉल लावून पिनांनी टोचल्या. एक फट राहिली नव्हती. मार्च उलटला, ऊन तापलं आणि एप्रिलच्या मध्यावर प्रत्येक दोन पट्ट्यांमधून सांगाडा दिसायला लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा पाहिलेल्या माणसाला इथली हवा किती कोरडी होते, हे आधीच सुचायला हवं होतं. मला ते जहाज उकलल्यावर सुचलं.

कारण समजलं ते गावाकडच्या सुतारमामांमुळे. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या. ते म्हणाले, ‘उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळतं, धाव सैल होते, आऱ्या खुळखुळतात. म्हणून चाकं डोहात घालून ठेवायची. लाकूड पाणी पितं आणि जाग्यावर येतं.’ धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती तापवून चढवतात. लोखंड आपल्या मापाला राहतं, लाकूड ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं. जहाजाचंही तसंच. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याला जवळपास फरक पडत नाही, रुंदीत पडतो. मऊ लाकडाची पट्टी पावसाळ्यातल्या ओलाव्यावरून मे महिन्यातल्या कोरडेपणावर आली, की रुंदीत ठोकळमानाने दीड-दोन टक्के आकसते. पाच मिलिमीटरच्या पट्टीत ते एक दशांश मिलिमीटरसुद्धा नाही, नखालाही जाणवणार नाही. पण २४ पट्ट्यांची बेरीज करा, दोन-सव्वादोन मिलिमीटर भरतं. भिजवलेली पट्टी तशीच चिकटवली तर फरक याच्या कितीतरी पट होतो, कारण ती फुगलेल्या अवस्थेत जाग्यावर बसते.

म्हणून आता माझी पद्धत ठरलेली आहे. पट्टी भिजवून वाकवायची, गोंद न लावता जाग्यावर कपड्याच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि आख्खी रात्र वाळू द्यायची. गोंद दुसऱ्या दिवशी. पट्ट्या लावायचं काम मी दिवाळी ते होळी या काळातच करतो, तेव्हा हवा ना फार ओली ना फार कोरडी. पावसाळ्यात डोलकाठ्या, कप्प्या, तोफगाडे अशी सुटी कामं उरकतो. पट्ट्यांची जुडी डब्यातून काढून महिनाभर खोलीत मोकळी ठेवतो, म्हणजे दूरदेशातून आलेलं लाकूड इथल्या हवेला सरावतं. आणि पहिला थर पूर्ण झाला की एक उन्हाळा जाऊ देतो. ज्या फटी पडायच्या त्या पडतात, मग त्यांत त्याच लाकडाच्या बारीक कपच्या गोंद लावून सरकवतो. लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून केलेली लांबी, म्हणजे पुट्टी, केसाएवढ्या फटीला चालते, मोठ्या फटीत ती पुढच्या वर्षी सुटून येते. पहिला थर घासून गुळगुळीत झाल्यावर त्यावर गडद लाकडाचा दुसरा, पातळ थर. तो दिसायला असतो, ताकद पहिल्याची. भागाकार मात्र त्यालाही पुन्हा करावा लागतो.

खरी जहाजं बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. एचएमएस ट्रिंकोमाली हे ब्रिटिश नौदलाचं जहाज १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलं गेलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजूनही पाण्यावर उभं आहे. सागवानात नैसर्गिक तेल असतं आणि ते इतर लाकडांच्या मानाने फार कमी आकसतं-फुगतं. त्याच्या टिकण्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. मॉडेलसाठी मात्र मी सागवान घेत नाही. त्याचे रेषे जाड, आणि एवढ्या लहान कामात ते बोटाएवढे दिसतात. शिवाय तेलामुळे गोंद धरायला कुरकुर करतो.

प्रमाणाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. १:६४ म्हणजे खऱ्यातले ६४ मिलिमीटर मॉडेलमध्ये एक. ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे ४६ मीटर लांब, तो ७२ सेंटिमीटर होईल. पाच फूट सात इंचाचा खलाशी साडेसव्वीस मिलिमीटरचा, आगपेटीच्या काडीहूनही बुटका. हा हिशेब सतत करत राहिलं की चुका आपोआप दिसतात. डेकवरची फळी खऱ्या जहाजात सहा-सात मीटरची असे, म्हणजे मॉडेलमध्ये नऊ ते अकरा सेंटिमीटर. किटमधली लांब पट्टी डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लावली, तर पाहणाऱ्याला नेमकं काय ते कळत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं. तुकडे करा, सांधे एका रेषेत येऊ देऊ नका आणि पट्टीच्या कडेवर पेन्सिल फिरवा. खऱ्या डेकवर फळ्यांच्या मधे ताग कोंबून वर डांबर ओतलेलं असे, त्याची काळी रेघ त्यातून उमटते. शिडांच्या कापडालाही हाच नियम. एक मिलिमीटर जाडीचं खरं शीड या प्रमाणात कागदाहून कितीतरी पातळ व्हायला हवं. किटमधलं कापड त्या मानाने गोधडीसारखं दिसतं, म्हणून मी शिडं लावतच नाही. नुसत्या डोलकाठ्या आणि दोर जास्त खरे वाटतात.

दोरांचं जंजाळ बघून लोक घाबरतात, पण त्यात दोनच जाती आहेत. काही दोर डोलकाठीला जाग्यावर धरून ठेवतात, ते कधी हलत नाहीत. पाण्या-वाऱ्यापासून टिकावेत म्हणून त्यांना डांबर फासत, म्हणून ते काळे. दुसरे दोर शिडं आणि आडव्या काठ्या ओढायचे, हातात धरायचे, म्हणून त्यांचा रंग साध्या दोराचा. नकाशात आधी काळे तेवढे शोधा, ते खालून वर पुरे करा, मग दुसरे. इतकं केलं की जंजाळ निम्मं होतं.

काळ्या दोरांच्या पायथ्याशी तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या जोडीने असतात, त्यांना डेडआय म्हणतात. वरची चकती दोराला, खालची जहाजाला आणि दोघींच्या भोकांतून बारीक दोरी ओवलेली. त्या कशासाठी हे कळायला आपल्याकडची बाज आठवा. बाजेच्या पायथ्याकडे सुतळी वेगळी ओवलेली असते. बाज झोळ झाली की तेवढीच ओढून घ्यायची, आख्खी बाज पुन्हा विणावी लागत नाही. डेडआय तेच काम करतात. दोर सैल झाला की खालची दोरी ओढायची, डोलकाठी पुन्हा ताठ. मॉडेलमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून तारेचा एक आकडा करून घ्या आणि ओवताना तो दोन्हींच्या भोकांत अडकवून ठेवा.

वर चढायला या काळ्या दोरांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. खऱ्यात एका पायरीपासून दुसरी साधारण ३५ सेंटिमीटरवर, मॉडेलमध्ये साडेपाच मिलिमीटरवर. एका जहाजाला शेकडो गाठी. खुंट्याला दावं अडकवताना आपण दोर दोनदा फिरवून टोक वेढ्याखाली सरकवतो, त्याच जातीची ही गाठ. मागे साडेपाच-साडेपाच मिलिमीटरवर रेघा मारलेला पांढरा पुठ्ठा लावा आणि गाठ ओढताना हात आवरता घ्या. प्रत्येक गाठ कणभर जास्त ओढली, तरी पन्नास गाठींनंतर बाहेरचे दोर आत खेचले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. मी रोज दहा मिनिटंच गाठी मारतो. थकलेला हात ओढतोच.

दोरा कोणता? मराठवाड्यात राहून हे लिहिताना जिवावर येतं, पण सुती नको. सुती दोऱ्याला बारीक लव असते, ती या प्रमाणात काथ्याच्या कुसळांसारखी दिसते. शिवाय ओलाव्याने तो आखडतो आणि सुकल्यावर सैल पडतो. पॉलिस्टरचा दोरा स्थिर राहतो. सुती वापरायचाच असेल, तर मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढून घ्या, लव बसते.

पहिलं जहाज कोणतं घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. बहुतेकांच्या मनात व्हिक्टरी नावाचं ब्रिटिश युद्धजहाज असतं, १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं. त्याच्यावर सुमारे ४० किलोमीटर दोर होता. सुरुवातीला ते घेऊ नका. एका डोलकाठीची, बिनतोफांची मासेमारीची होडी घ्या. पट्ट्यांचं गणित तिलाही तेच आहे, फक्त २४ ऐवजी आठ-दहा पट्ट्यांत संपतं. आणि आपल्या भागातलं काही करावं असं वाटलं तर एकदा अजिंठ्याला जा. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्याचा नकाशा कुठेच नव्हता. त्या चित्रावरून नौदलाने फळ्या काथ्याच्या दोराने शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधवून घेतलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते ताफ्यात आलं. चित्रातल्या आकाराचं जहाज पाण्यावर कसं वागेल, हे बघायला आयआयटी मद्रासमध्ये आधी मॉडेलवर चाचण्या झाल्या. मॉडेल करणाऱ्या माणसाला हे वाचून जो आनंद होतो, तो मला शब्दांत सांगता येत नाही.

तयार जहाजाला काचेची पेटी हवीच. आपल्याकडची मार्च-एप्रिलची वावटळ एका दुपारी डेकवर जी धूळ बसवते, ती गाठींमधून मऊ ब्रशनेही निघत नाही. पेटी अगदी हवाबंद मात्र करू नका, मागच्या बाजूला दोन-चार बारीक भोकं ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागा टाळा, पंख्याखालची चालेल. आणि पेटीत कोपऱ्यात, दिसणार नाही अशी, पाण्याने अर्धी भरलेली छोटी बाटली मे महिन्यापुरती ठेवा, झाकणाला एक भोक पाडून. मृगाचा पहिला पाऊस पडला की काढून घ्या.